लाइन ज्याच्या नावावर

अण्णांच्या तोंडात एकच शब्द उरला होता, आणि तोही इंग्रजी.

ज्या माणसाच्या जिभेला आयुष्यभर लगाम नव्हता, ज्याने खांबावरून शिवी हासडली की खालच्या गल्लीतले लोक मुकाट्याने खिडक्या लावून घेत, त्या माणसाकडे आता फक्त ‘लाइन’ होती. पक्षाघाताने उजवा हात नेला, उजवा पाय अर्धा नेला आणि भाषा सगळीच नेली. हा एक शब्द तेवढा न्यायचा राहून गेला. डॉक्टर म्हणाले, असं होतं, जो शब्द सगळ्यात जास्त घासला गेलेला असतो तो कधीकधी टिकतो. कुणाकडे देवाचं नाव राहतं, कुणाकडे बायकोचं, कुणाकडे शिवी. आई हे ऐकून म्हणाली की माझं नाव राहणार नव्हतंच, ते त्यांनी वापरलंच कधी? वीज कंपनीत लाइनमन म्हणून जन्म काढलेल्या माणसाकडे लाइन राहिली, यात तिला काही नवल वाटलं नाही.

शब्द एक, पण कामं सतरा. पाणी हवं, लाइन. उशी सरकली, लाइन. भाजीत मीठ कमी पडलं की त्याच शब्दाला धार यायची, आणि आई केसांना तेल लावायला बसली की त्यालाच लोण्यासारखा मऊपणा यायचा. दोन खोल्यांच्या त्या घरात आई आणि पाळीवर कारखान्यात जाणारा धाकटा मुलगा, दोघंही हळूहळू या भाषेत पारंगत झाले. दोन गल्ल्या पलीकडे दिलेली थोरली मुलगी शाळा सुटली की रोज यायची. तिला घरात सगळे ताई म्हणत. शाळेत ती इंग्रजी शिकवायची, म्हणून अण्णांनी तिचं नाव डिक्शनरी ठेवलं होतं. घरी कुणी आलं की ते अभिमान लपवत, चिडवल्यासारखं करत सांगायचे, “काय अडलं असेल ते आमच्या डिक्शनरीला विचारा.”

दिवसभर सगळं ठीक असे. खरी पंचाईत संध्याकाळी व्हायची. खिडकीसमोरच्या रस्त्यावरचे दिवे लागले की अण्णांचा चेहरा बघवत नसे. ते पलंगाचा कठडा धरून उठायचे, लुळा पाय ओढत दाराकडे निघायचे आणि एकच घोशा लावायचे, “लाइन, लाइन, लाइन.” त्यात मागणं नसायचं, भीती असायची. धरायला जावं तर डाव्या हाताने ढकलून द्यायचे, आणि त्या हातात अजून खांब चढणाऱ्याची ताकद होती. एकदा जिन्यावरून घसरले आणि कपाळाला टाके पडले. एकदा आई आडवी गेली तर तिच्या गालावर वळ उठला. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अण्णांच्या तोंडातून लाळ गळायची, आणि त्यांना कुणी ओळखू यायचं नाही. आईनेच त्या बंद केल्या.

धाकटा स्वभावाने वाईट नव्हता. रात्रपाळी करून येणाऱ्या माणसाला झोप हवी असते, आणि म्हाताऱ्या आईच्या अंगावर वळ बघून त्याचा जीव तुटायचा. तो म्हणाला की संध्याकाळपुरतं बांधून ठेवावं लागेल, दुसरा इलाज नाही. ताईला ते ऐकवेना. ज्या माणसाला तिने लहानपणी आभाळात उभं पाहिलं होतं, त्याला पलंगाला बांधायचं? तिने भावाकडे मुदत मागितली. ते नेमकं काय मागतात ते मी शोधून काढते, म्हणाली, मग काय करायचं ते ठरवू. धाकट्याने मान डोलावली, पण बांधायच्या गोष्टीवरून तो हटला नाही.

अण्णा कंपनीत लागले ते खड्डे खणायला. खांब रोवायचा तर आधी खड्डा लागतो, आणि खणणाऱ्याला वर काय चाललंय ते बघायची मुभा नसते. अण्णा बघायचे. मुकादमाच्या शिव्या खाऊन बघायचे. मग एक दिवस चढायला माणूस कमी पडला आणि हे चढले. खाली आले तेव्हा चेहरा लग्नात असतो तसा होता, असं आई सांगते, आणि ती तेव्हा तिथे नसली तरी तो चेहरा तिने पुढे लग्नात पाहिलेला असल्यामुळे तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. लग्न ठरताना तिच्या भावांनी भरपूर थट्टा केली होती. मुलगा लाइनमन आहे म्हणजे लाइन मारण्यात पटाईत असणार, पोरीला जपा. अण्णांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि पुढे आयुष्यभर त्या मेव्हण्यांच्या घरी वीज गेली की सगळ्यात शेवटी गेले.

आता ताईचा शोध. शिक्षकांची एक खोड असते, माणूस समजेना झाला की ते शब्दाच्या मागे लागतात. तिने शाळेतला सगळ्यात जाडा कोश घरी आणला आणि दुपारी अण्णांच्या उशाशी बसून वाचायला लागली. शब्द साधा, पहिलीतल्या पोरालाही येणारा, पण त्याचे अर्थ पानामागून पान संपेनात. वहीवरची रेघ ती लाइन, रांग ती लाइन, फोनचा संबंध जुळतो तीही लाइन. कवितेची ओळ, नटाच्या तोंडचं वाक्य, तळहातावरच्या रेषा, आजोबा-वडील-मुलगा अशी चालत आलेली वंशावळ, गळ टाकायची दोरी, कपडे वाळत घालायची दोरी, सैन्याची फळी. आपल्याकडे आल्यावर तर तिला आणखीच पाय फुटले. पोरगा कुठल्या लाइनीत आहे, असं आपण विचारतो. वाया चाललेल्याला लाइनीवर आणतो. वीज गेली की अर्धं जग ‘लाइन गेली’ म्हणतं. आणि डेडलाइन या शब्दाची गोष्ट वाचून ताई थबकलीच, कारण ती मुळात तुरुंगातली रेघ होती. कैद्याने ती ओलांडली की पहारेकऱ्याने गोळी घालायची. ती स्वतः हा शब्द मुलांना रोज ऐकवत होती, गृहपाठासाठी.

सगळ्यात खाली शब्दाचं मूळ दिलं होतं. फार पूर्वी, रोमन लोकांच्या भाषेत, तो शब्द जवसाच्या धाग्याचा होता. जवसाच्या झाडाच्या देठातून निघणारं सूत. गवंडी ते ताणून भिंत सरळ धरायचे, म्हणून ताणलेलं सूत ती लाइन, आणि त्या सुताने आखलेली रेघ तीही लाइन. त्याच जवसाचं कापड ते लिनन, आणि ते कोटाला आतून लावायचे म्हणून अस्तराला लायनिंग. ताईला हे वाचून इतका आनंद झाला की ती मोठ्याने म्हणाली, “अण्णा, तुमची लाइन मुळात सुताची होती बघा.”

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. चादरीच्या काठाचा एक सुटा दोरा डाव्या हाताच्या चिमटीत धरला, ताणला, तुटला. मग ते “लाइन” म्हणाले, पण असं, की हिला कुणी शिक्षिका केली? ताई हसली. अण्णाही अर्ध्या तोंडाने हसले. त्या दुपारी बापलेकींचं छान जमलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला तो शब्द आवडायला लागला होता. भाषा गेलेल्या बापाकडे एवढा धागा शिल्लक आहे आणि त्याचं दुसरं टोक आपल्या हातात आहे, असं तिला वाटायचं.

पण संध्याकाळ व्हायची ती होतच होती. ताई एकेक अर्थ घेऊन समोर जायची. गॅलरीतली कपड्यांची दोरी दाखवली, अण्णांनी ती ओरबाडून काढली. फोन हातात दिला. त्यांनी तो घाईघाईने कानाला लावला, ताईला वाटलं जमलं, पण तिने फोन धाकट्याला लावून दिला होता, आणि त्याचा आवाज ऐकताच अण्णांनी तो भिंतीवर फेकला. शेवटी तिने विचार केला, लाइन म्हणजे तार, दुसरं काय असणार, एकदा तारेखालीच नेऊन उभं करू. दिवे लागायच्या वेळेला त्यांना हाताला धरून रस्त्यावर, कोपऱ्यातल्या खांबापाशी आणलं. दिवा लागला. अण्णांनी वर पाहिलं आणि जो आवाज काढला तो ताईने माणसाच्या गळ्यातून कधी ऐकला नव्हता. ते खांबाला मिठी मारून खाली बसले. लोक जमले. धाकट्याने त्यांना खांद्यावर टाकून वर आणलं आणि ताईकडे पाहिलं. मुदत संपली होती.

बांधलं आईने. धाकटा पुढे झाला तेव्हा तिने त्याच्या हातातला पट्टा काढून बाजूला ठेवला, कपाटातून जुनी मऊ चादर आणली, फाडली, आणि ज्या हाताने तिला वळ उठला होता तो हात स्वतः कठड्याला बांधला. गाठ काचत नाही ना, हे बोट घालून बघितलं. अण्णा तिच्याकडे बघत “लाइन” म्हणत होते आणि ती “हो हो” म्हणत होती. ताई भिंतीला टेकून रडत होती.

“याच पलंगावर बसून जेवायचे,” आई म्हणाली, कुणाला उद्देशून नाही. “एकदा ताटावर बसले आणि उठले. म्हणाले, लाइन परत दिली की नाही आठवत नाही. तसेच सायकल काढून गेले. दिलेली होती, पण घास उतरेना त्यांना. त्यानंतर परत दिल्याशिवाय तिथून हलायचे नाहीत, घोटभर पाणी प्यायचे नाहीत.”

ताईने डोळे पुसले. “परत म्हणजे?”

“काम करायला लाइन बंद करून घेतात ना सबस्टेशनकडून. आपल्या नावावर. मग ज्याने घेतली त्यानेच परत द्यायची. दुसऱ्याने दिलेली चालत नाही.”

“आणि अण्णा पडले त्या दिवशी?”

आई गाठीवर हात ठेवून बसून राहिली. अण्णा पडले ते कामावर, खांबाखाली, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापुढचं कुणी विचारलं नव्हतं. धावपळ दवाखान्याची होती, खांबाचा विचार कोण करतो?

दुसऱ्या दिवशी ताई शाळेला दांडी मारून कंपनीच्या गोदामात गेली. तिथे अण्णांचा जुना जोडीदार लंबू तारेचं भेंडोळं गुंडाळत बसला होता. इतक्या वर्षांत अण्णा आणि लंबू एकमेकांशी एक वाक्य सरळ बोलले नव्हते आणि एकमेकांवाचून खांबाला हात लावला नव्हता. लंबूने सगळं सांगितलं. त्या सकाळी लाइन अण्णांनी घेतली होती. लंबू आणि आणखी एक जण वर होते, अण्णा खाली. वरून दिसलं की अण्णा बसले, वाटलं बुटाची नाडी बांधतायत. मग ते आडवे झाले. दोघं खाली उतरले, गाडी थांबवली, दवाखाना गाठला. लाइन मात्र अण्णांच्याच नावावर राहिली. लंबूने फोन केला तर ऑपरेटरने ती घ्यायला साफ नकार दिला. ज्याने घेतली त्याचा आवाज हवा, नाहीतर साहेबाने जागेवर उभं राहून सही करावी. अर्धा गाव अंधारात, लोक सबस्टेशनवर चालून आलेले, तरी तो बधला नाही. दुपारी साहेब आले, सही झाली, लाइन चालू झाली.

“बरोबरच होतं त्याचं,” लंबू म्हणाला. “पूर्वी एकदा दुसऱ्यानेच ‘झालं काम’ म्हणून फोन केला होता. वर माणूस होता. त्याला उतरवायला तुझे अण्णा चढले होते. तेव्हापासून ते ऑपरेटरलाच दम द्यायचे, की माझा आवाज ऐकल्याशिवाय सोडशील तर याद राख.”

“अण्णांना सांगितलंत? लाइन परत दिली म्हणून?”

“त्यांना काय सांगणार? ते शुद्धीवर कुठे होते? आणि नंतर वाटलं, आता काय त्याचं.”

लंबूचे हात थांबले. दिवे लागल्यावर अण्णा कसे करतात ते तिने आत्ताच त्याला सांगितलं होतं. लाइन अजून त्यांच्या नावावर आहे, माणसं वर आहेत, आणि कुणीतरी ती चालू केली आहे. रोज संध्याकाळी त्यांच्या डोळ्यांसमोर. लंबूने भेंडोळं खाली ठेवलं आणि तोंडावरून हात फिरवला.

“म्हणजे मी रोज मरतोय त्यांच्यासाठी,” तो म्हणाला.

त्याच दुपारी तो घरी आला. अण्णांनी त्याला जवळ ओढलं, त्याचे दंड, मनगटं, बोटं चाचपून पाहिली आणि ओक्साबोक्शी रडले. सगळ्यांना वाटलं, सुटलं एकदाचं. संध्याकाळी दिवे लागले आणि अण्णा पुन्हा उठले. लंबू समोर बसलेला असताना उठले. तो म्हणाला, मी जिवंत दिसलो हे ठीक, पण त्यांनी लाइन दिलेली नाही. ती त्यांनाच द्यावी लागेल.

मग दुसऱ्या दिवशी ते अण्णांना, अण्णा जिथे पडले होते त्याच खांबाशी घेऊन गेले, गावाच्या टोकाला, जिथे घरं संपून गोदामं सुरू होतात. ऊन उतरत होतं. लंबू आणि त्या दिवशी वर असलेला दुसरा गडी, दोघंही खांबाखाली उभे राहिले, अंगावर कामाचे कपडे, हातात मोजे. धाकट्याला हे सगळं थोतांड वाटत होतं, पण तो गाडी घेऊन आला होता आणि त्याने बापाला एका बाजूने धरलं होतं. लंबूने सबस्टेशनला, आधीच सगळं सांगून ठेवलेल्या त्याच ऑपरेटरला, फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी तो कानाला न लावता तोंडासमोर धरला, जसे नेहमी धरायचे.

“कोण बोलतंय?” पलीकडून ऑपरेटरचा आवाज आला. कोरडा, नेहमीचा.

“लाइन,” अण्णा म्हणाले.

“लाइन कुणाच्या नावावर आहे?”

अण्णांनी फोन छातीवर आपटला. पलीकडे ते दिसणार नव्हतं. ताईच्या अगदी ओठांवर आलं, अण्णांच्या नावावर, पण लंबूने तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प बसली. इथे दुसऱ्या कुणी बोलायचं नव्हतं. इतके महिने ती बापाच्या वतीने बोलत आली होती, त्याच्या एका शब्दाचे अर्थ लावत आली होती, आणि आता काहीच न बोलणं तिला जन्मात कधी गेलं नाही इतकं जड गेलं. ऑपरेटर थांबला. त्याने घाई केली नाही.

“लाइन,” अण्णा म्हणाले.

“तुमच्या. बरोबर. माणसं खाली आली?”

अण्णांनी फोन धाकट्याच्या हातात दिला, डावा हात लंबूच्या खांद्यावर ठेवला, मग दुसऱ्याच्या. दाबून ठेवला. मान वर करून खांब शेंड्यापर्यंत पाहिला. “लाइन.”

“अर्थिंग काढलं?”

लंबूने तारेला जमिनीशी जोडायची काठी आणली होती. ती त्याने दोन्ही हातांनी अण्णांसमोर धरली. अण्णांनी तिच्यावरून बोट फिरवलं. “लाइन.”

“परत देताय?”

आता अण्णांना बोलता येईना. तोंड उघडं, हनुवटी थरथरतेय, आणि शब्द नाही. एक ट्रक गेला, धूळ उडाली. धाकट्याने फोन बापाच्या तोंडाजवळ आणखी नेला. ज्याला हे थोतांड वाटत होतं तोच आता पुटपुटत होता, “बोला अण्णा, बोला.”

“लाइन,” अण्णा म्हणाले. हळू, पण स्वच्छ.

“मिळाली,” ऑपरेटर म्हणाला. “तुमच्या नावावर आता काही नाही. घरी जा.” आणि मग आवाज जरा बदलून, “तब्येत सांभाळा.”

ते तिथेच थांबले, दिवे लागेपर्यंत. दिवे लागले. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं, सगळी ओळ शेवटपर्यंत पाहिली, आणि गाडीकडे बोट केलं. घरी येऊन जेवले आणि आईने पाठीवर हात ठेवायच्या आत झोपले. फाडलेली चादर आईने भांडी पुसायला घेतली.

त्या दिवसानंतर अण्णा कधी उठून दाराकडे गेले नाहीत, आणि कधी काही बोललेही नाहीत. ताईला हे लक्षात यायला थोडे दिवस लागले. पाणी हवं तर पेल्याकडे बोट, उशी हवी तर मान. चेहरा शांत, नजर स्वच्छ, कधीकधी हसणं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, दुसरा लहानसा झटका येऊन गेला असेल, सांगता येत नाही. घरात सगळे सुखात होते. ताईच्याच मनाला चैन नव्हतं. बापाला बांधावं लागू नये एवढंच तिने मागितलं होतं आणि ते मिळालं होतं. पण त्याचा आवाजच त्यात जाईल, हे तिला कुठे माहीत होतं? माहीत असतं तर तिने त्याला त्या खांबाशी नेलं असतं का, हा प्रश्न ती स्वतःला विचारायची आणि उत्तर द्यायचं टाळायची.

एका दुपारी घरात दोघंच होती. ती पलंगाशी बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि लहान मुलाला शिकवावं तसं म्हणाली, “अण्णा, म्हणा ना एकदा. लाइन.”

अण्णांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. राग नव्हता, दुःखही नव्हतं. मग त्यांनी मान हलवली, नाही. ती पुन्हा म्हणाली. त्यांनी तिच्या तोंडावर हळूच आपला डावा तळवा ठेवला.

आई दारात येऊन उभी होती. ती काय चाललंय ते समजली, आत आली आणि ताईच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, “मागू नकोस, बाळा. ती त्यांच्याकडे नाही आता.”

ताईने मान डोलावली. अण्णांनी पेल्याकडे बोट केलं आणि तिने उठून त्यांना पाणी दिलं.